कोण हाय का आत?

२१ एप्रिल. वर्षाच्या चटणीची मिरची आज गच्चीवर वाळत घातली. ब्याडगी आणि जवारी, दोन्ही. ऊन चढायच्या आत देठं खुडायला बसले आणि बोटांची आग सुरू होते तोच गारगोटीहून फोन आला. फोन काकींचा, म्हणजे माझ्या जुन्या साहेबांच्या बायकोचा.

"जयसिंगपूर हाय का?"

मी कोल्हापुरात राहायला येऊन बरीच वर्षं झाली, पण त्या घरात माझं नाव अजून माझ्या माहेरच्या गावाचंच आहे. साहेब सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे, तीच सवय काकींना लागली.

"मीच. बोला काकी."

"मी न्हाणीत पडलो की गं. हाका मारून मारून घसा बसला. ह्ये सोप्यात पेपर वाचत बसल्यालं. दूधवाली आली, तवा तिनं उचललं मला."

"लागलं का फार?"

"कंबर धरलीया. बरी हाय आता. त्ये ऱ्हाऊ दे. उद्या ह्यास्नी कोल्हापूरला कानाच्या डाक्टरकडं धाडतोय. तू जाशील का संगं?"

"त्यांना चालेल मी?"

"त्येंनीच सांगितलंय, तिला बोलीव म्हणून. मागं दोनदा न्हेलं. दोन्ही डाक्टर म्हणालं, वयाच्या मानानं कान बरं हाईत. बरं कसलं डोंबलाचं? घर पेटलं तरी कळायचं न्हाई. एकदा खरं काय हाय ते कळू दे, मशीन बसवू दे. फुडच्या बारीला दूधवाली आली न्हाई तर?"

मी येते म्हणाले आणि पुन्हा देठं खुडायला लागले. साहेब दहाएक वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत, त्यामुळे मिरच्यांपेक्षा त्यांचाच विचार जास्त झाला. संध्याकाळी हे लिहायला बसले.

आम्ही दोघं पूर्व किनाऱ्यावरच्या एका अवकाश केंद्रात नोकरीला होतो. रॉकेट उडतं ती जागा. तिथे सगळे शास्त्रज्ञच असतात असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात गवत कापणारे, प्लंबर, क्रेनवाले, ड्रायव्हर, आचारी आणि रंगारी यांचीच गर्दी जास्त. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं लोखंड इतकं गंजतं की रंगारी टॉवरच्या टोकापर्यंत पोचले की पायथ्यापासून पुन्हा सुरुवात करतात.

आमच्या विभागाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, काम मात्र एका ओळीचं. रॉकेटमध्ये इंधन भरायच्या आधी आजूबाजूची सगळी जागा रिकामी करायची. माणसं, गाई, कुत्री, कोणीही आत राहता कामा नये. त्या विभागाचे प्रमुख आमचे साहेब. गारगोटीचे, रंगानं काळेसावळे, आवाजानं लाउडस्पीकर. तिथली तेलुगू मंडळी त्यांना 'कोल्हापूर सार' म्हणायची. मी नव्यानं रुजू झाले तेव्हा त्यांनी माझा अर्ज वाचला नाही, गाव विचारलं.

"जयसिंगपूर? मग आपल्याकडचीच की. मोठ्यानं बोलायला येतंय का?"

"येतं."

"मग झालं. बाकीचं शिकीवतो."

फाटकावर एक मोठा फळा होता. आत जाताना प्रत्येकानं आपला बिल्ला त्यावर अडकवायचा आणि बाहेर पडताना काढून न्यायचा. फळा मोकळा झाला की आत कोणी नाही, असा नियम. साहेबांना तो पुरेसा वाटत नसे. "फळ्याला काय कळतंय?" म्हणून ते निघायचे आणि मी मागे. प्रत्येक खोली, पंपघर, केबलचा चर, संडास. दारात उभे राहून ते कोल्हापुरीत ओरडायचे, "कोण हाय का आत?" मग एक श्वास भरून सोडायला लागेल इतका वेळ थांबायचे. आतून काही आलं नाही की मला खूण करायचे. मी दार ओढायचे, कुलूप घालायचे, त्यावर कागदाची पट्टी चिकटवायचे आणि पट्टीवर तारीख घालून सही करायचे. मग पुढचं दार.

"सर, इथे मराठी कोणाला कळतं? तेलुगूत हाक द्या," असं एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं.

"झोपल्याला माणूस भाषा बघत न्हाई," साहेब म्हणाले. "हाक आली येवढं कळलं की तो ओ देतोय."

हे ते उगाच म्हणत नव्हते. माझ्या पहिल्याच वर्षी पंपघरात एक प्लंबर सापडला. दुपारची जेवणं झाल्यावर पाइपांच्या मागे गारव्याला आडवा झाला होता. बस सुटताना त्याच्या मित्रानं त्याचा बिल्ला फळ्यावरून काढून नेला. प्लंबर मागून येतोय, त्याचा हेलपाटा वाचेल, असा मित्राचा सरळ विचार. फळा मोकळा दिसत होता. साहेबांनी हाक दिली आणि पाइपांच्या मागून "आँ?" आलं. साहेबांनी त्याला पाणी दिलं, जीपमध्ये बसवलं आणि वायरलेसवर सांगितलं, "एक हुता. आता न्हाई." त्या दिवसापासून त्यांच्या ओरडण्याला माझ्यासमोर कोणी हसलेलं मला चाललं नाही.

शास्त्रज्ञांशी त्यांचं जमायचं नाही असं नाही, पण वाद घालायला त्यांना वेळ नसे. एकदा पुण्याचे एक मोठे गृहस्थ मोजमापाच्या खोलीत संगणकासमोरून उठेनात.

"पुणं, उठा."

"अहो, दोन मिनिटं. महत्त्वाची आकडेवारी आहे."

"उठा म्हणतोय."

"तुम्हाला कळत नाही, हे मध्येच सोडता येत नाही."

"बरं, ऱ्हावा. मी मेन बंद करतो. मग अंधारात तुमची आकडेवारी आन् तुमी, दोघं बसा."

गृहस्थ उठले. बाहेर येताना म्हणाले, "तक्रार करीन." साहेबांनी जीपचं दार उघडून धरलं. "करा की. बाहीर बसून करा. हितं बसून न्हाई."

गाईंचा प्रश्न मोठा होता. त्या बेटावर मोकाट गुरं फार. फटाके, शिट्ट्या, काठ्या, सगळं करून झालेलं. साहेब जीपमधून उतरून "हय्या, हय्या, चल गं भवाने" असं ओरडत चालत जायचे आणि गाई मुकाट्यानं फाटकाकडे वळायच्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. आपल्याला कोणीतरी घरी न्यायला आलंय, एवढं कळत असावं.

कामाची ही सवय त्यांच्या बाकीच्या आयुष्यातही शिरली होती. काकी शेती बघायला गारगोटीत राहायच्या, साहेब तिकडे क्वार्टरमध्ये एकटे. तरी सकाळी कुलूप घालताना ते स्वतःच्या रिकाम्या घरात हाक द्यायचे. कॉलनीतल्या पोरांनी एकदा खिडकीमागून "मी हाय" असं उत्तर दिलं, तेव्हा साहेबांनी घर उघडून पुन्हा सगळ्या खोल्या बघितल्या, पोरांना ओळीत उभं केलं आणि शाळेला उशीर झाला म्हणून जीपमधूनच शाळेत सोडलं. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला ते जयसिंगपूरला आले होते. आहेर द्यायच्या आधी मंगल कार्यालयाभोवती एक चक्कर मारली. मागच्या दाराला खुर्च्यांची चळत लावलेली होती. नवरीच्या दोन मामांना फेटे बाजूला ठेवायला लावून त्यांनी ती चळत हलवून घेतली, दार उघडून बघितलं, मगच जेवायला बसले. मामा अजून ते सांगतात. पावणा म्हणून आला आणि हमाली करायला लावून गेला, म्हणतात.

इतकी वर्षं तिथे काढून साहेबांनी रॉकेट उडताना एकदाही पाहिलं नव्हतं. आमची फेरी संपली की आम्ही लांबच्या एका बिनखिडक्यांच्या खोलीत बसायचो. बाहेर गच्चीवर जायची परवानगी होती, बाकीचे सगळे धावत जायचे. साहेब डबा उघडायचे. जमीन थरथरली की म्हणायचे, "गेलं," आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे.

"एकदा बघा तरी, साहेब."

"जाणाऱ्याकडं काय बघायचं? मागं कोण ऱ्हायलं न्हाई, तेवढं बघितलंय मी."

मी दरवेळी गच्चीवर जायचे. छान दिसतं.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघंही आपापल्या गावी आलो होतो. मला आजऱ्याला एका नात्यातल्या घरी जायचं होतं, म्हणून वाटेत गारगोटीला उतरले. साहेब सोप्यात शेंगा फोडत बसले होते, पाठ माझ्याकडे. मी फाटकातून हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा चांगली मोठ्यानं. साहेब शेंगा फोडत राहिले. आतून काकी आल्या, सोप्यात येऊन जमिनीवर पाय आपटला, तेव्हा साहेबांनी मान वर केली.

काकींनी किती सहज पाय आपटला ते मी पाहिलं. रोजच्या सवयीचा होता तो.

काकी चहा करायला आत गेल्या तशी मी साहेबांच्या समोर बसले.

"साहेब, कधीपासून?"

"काय कवापासनं?"

"ऐकू येत नाही ते."

"येतंय की. तू बोललीस, मी उत्तर दिलं का न्हाई?"

मी तोंडासमोर हात धरला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. साहेब माझ्या हाताकडे बघत राहिले. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"झालं असंल वरीस. जास्तीच, पण कमी न्हाई."

"आणि दरवर्षीची मेडिकल? कान तपासताना तो कंपाउंडर पाठीमागून कुजबुजतो ना?"

"समोर औषधाचं कपाट हाय. काचंत त्येचं तोंड दिसतंय."

मला हसू यायला हवं होतं, पण डोक्यात वेगळंच चाललं होतं. गेलं वर्षभर हाक दिल्यावर साहेब खोलीकडे न बघता माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, मी कामात लक्ष देते की नाही ते तपासतात.

"मग वर्षभर फेरीत ऐकत कोण होतं?"

"तू."

"मला सांगितलंत कधी?"

"सांगायचं काय त्यात? तुझं तोंड बघत हुतो की. आतनं कायबी आलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला काय लपवाय येतंय?"

"साहेब, मी पट्टी फाडत होते. तारीख घालत होते. पेन चालत नाही म्हणून झटकत होते. ऐकणं माझं कामच नव्हतं, ते तुमचं होतं."

"म्हंजे तू ऐकत नव्हतीस?"

"कधी ऐकलं असेल, कधी नाही. मला काय माहीत मी ऐकायचंय?"

साहेबांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. वर्षभरात उडालेली सगळी रॉकेटं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. माझ्या तरी जात होती. दर वेळी आम्ही त्या दारांना कुलपं घातली होती आणि आत कोणी आहे का, हे दोघांपैकी कोणीच नीट ऐकलं नव्हतं. कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

"आता तुला म्हाईत झालं," साहेब म्हणाले. "आता तू ऐक. मी हाक देतो. येक फेरी ऱ्हायलीया माझी, तेवढी निघंल."

हे सोयीचं होतं. पण पत्रकावर सही त्यांची असायची, 'हाक दिली, उत्तर आले नाही' या वाक्याखाली. आणि मी आजारी पडले, माझ्या जागी दुसरं कोणी आलं, तर साहेब त्याचं तोंड बघणार होते.

"नाही," मी म्हणाले. "परत गेल्यावर तुम्ही वरच्या साहेबांना सांगा. नाहीतर मी सांगते."

"शेवटची हाय गं. सन्मानानं जाऊ दे मला."

"आत माणूस राहिला तर कसला सन्मान?"

"तू मला शिकीवणार?"

"तुम्हीच शिकवलंय."

साहेब उठले. "सांग जा," म्हणाले आणि आत गेले. काकी चहा घेऊन आल्या तेव्हा मी एकटीच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी निघताना शेंगांची पिशवी हातात दिली.

सुट्टी संपवून मी कामावर गेले, आठवडाभर वाट पाहिली. साहेबांनी सांगितलं नाही. मग मी गेले आणि सांगितलं. वरच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही दोघं एकाच गावचे ना?"

"नाही," मी म्हणाले. "मी जयसिंगपूरची, ते गारगोटीचे."

साहेबांना फाटकावर फळ्यापाशी बसायला सांगण्यात आलं. ते बसले नाहीत. रजा टाकली, निरोपाचा समारंभ नको म्हणाले आणि ट्रंक घेऊन गारगोटीला गेले. कॅन्टीनमध्ये काही दिवस माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. जेवण शांतपणे झालं. पुढच्या फेरीपासून दोन माणसांनी हाक द्यायची आणि दोघांनीही ऐकायचं, पट्टी तिसऱ्यानं लावायची, असा नियम झाला. आता मी इथे एका फाउंड्रीत सुरक्षा बघते, भट्टीकडच्या भागात तोच नियम लावलाय. कामगार कुरकुरतात.

साहेब मध्ये एकदा इथल्या लक्ष्मीपुरीत बियाण्याच्या दुकानात दिसले होते. त्यांनी मला पाहिलं, बियाण्याची पिशवी घेतली आणि दुसऱ्या दारानं निघून गेले. मला वाईट वाटलं, पण तेव्हा सांगितलं ते बरोबरच होतं असं मला त्या दुकानातही वाटत होतं. आजही वाटतं.

आता एवढंच कळत नाही की त्यांनी मला का बोलावलं. दोन डॉक्टरांना ज्यांनी गुंडाळलं, त्यांना तिसऱ्यालाही गुंडाळायला माझं तोंड हवं असेल. नाहीतर यावेळी कोणीतरी पकडावं असं वाटत असेल. फोनवर काकींना हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनाही ते माहीत नसणार.

२२ एप्रिल. मिरच्या जावेवर सोपवून सकाळी स्टँडवर गेले. गारगोटीची गाडी आली. साहेब वाळलेत, पण चाल तीच. मी समोर जाऊन उभी राहिले.

"जाड झालीस," ते म्हणाले. दहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"तुम्ही निम्मे झालात."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. रिक्षात एकदाच म्हणाले, "ती हाका मारत हुती आन् मी साखरंच्या भावाची बातमी वाचत हुतो."

दवाखान्यात तपासणीची खोली काचेची होती. साहेबांना आत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. बाहेर मशीनपाशी एक तरुण मुलगी आणि तिच्या बाजूला मी. "सूर ऐकू आला की बटण दाबा, आजोबा," तिनं खुणेनं सांगितलं. साहेबांनी चटाचट बटण दाबायला सुरुवात केली.

"अरे वा," मुलगी म्हणाली. "छान ऐकू येतंय की."

मी साहेबांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते तिच्या हाताकडे लागले होते. तिनं मशीनचं बटण फिरवलं की हे हातातलं दाबत होते.

"मशीन जरा तिकडे फिरवून घ्या," मी म्हणाले. "त्यांना तुमचा हात दिसायला नको. आणि तुम्ही पण पाठमोऱ्या व्हा. पहिल्यापासून घ्या सगळं."

तिला नवल वाटलं, पण तिनं फिरवलं. सूर सोडला की मशीनवर एक बारीक हिरवा दिवा लागत होता. तो आता साहेबांना दिसत नव्हता, मला दिसत होता. साहेबांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग काचेतून सरळ माझ्याकडे. बटणावर अंगठा तयार. मी तोंड कोरं ठेवायचा प्रयत्न केला. दिवा लागला आणि त्यांनी बटण दाबलं.

मी उठले, खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मागे मुलगी एकेक सूर सोडत होती आणि कागदावर लिहीत होती. बऱ्याच वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आजोबा आता काहीच दाबत नाहीयेत."

"दाबत नाहीत तेच लिहा," मी म्हणाले आणि वळून न बघता बसून राहिले.